खेळांतील सही

परदेशांतील एखाद्या नव्या छंदाचें नांव आमच्या सुशिक्षित मंडळींच्या कानीं पडलें म्हणजे त्याचें स्वागत दोन ठरलेल्या प्रकारांनीं होतें. एक पक्ष नाक मुरडून ‘हा रिकामटेकड्यांचा पोरखेळ’ असा निकाल देऊन मोकळा होतो. दुसरा पक्ष तोच पोरखेळ पुढच्या रविवारीं मुलाबाळांसह सुरू करतो. त्या छंदाच्या मुळाशीं कोणती कल्पना आहे हें पाहण्याची तसदी दोघेहि घेत नाहींत. जिओकॅशिंग या नांवानें गेलीं पंचवीस वर्षें जगभर चाललेल्या खेळाच्या वांट्यालाहि आमच्याकडे हेंच आलें आहे. पहिल्या पक्षाशीं आम्हांस फारसें भांडावयाचें नाहीं. ज्याला क्रिकेट चालतें, पत्त्यांचा डाव चालतो, पण रानांत जाऊन डबा शोधणें तेवढें पोरकट वाटतें, त्याची समजूत कोणी घालावी? आमचें भांडण तिसऱ्याच एका पक्षाशीं आहे. तो खुद्द खेळणारांमध्यें आहे, आणि ‘खेळच तर आहे, त्यांत एवढें काय!’ हें त्याचें ब्रीदवाक्य आहे. हें वाक्य दिसावयास निरुपद्रवी असलें तरी तेंच ह्या खेळाचा जीव घेत आहे, असें आमचें म्हणणें आहे.

खेळ काय आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. कोणी एक मनुष्य पाणी न शिरणारा डबा घेतो, त्यांत एक लहानशी वही ठेवतो, जागा असल्यास पांचदहा किरकोळ वस्तु टाकतो, आणि तो डबा एखाद्या झाडाच्या ढोलींत, पुलाच्या कठड्यामागें किंवा दगडांच्या सांदींत दडवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा कोणी हातांतील यंत्राच्या साहाय्यानें तेथें पोंचतो, डबा हुडकून काढतो, वहींत आपलें नांव व तारीख लिहितो, आणि डबा होता तसा परत ठेवून निघून जातो. इंग्रजींत ह्या डब्यास ‘कॅश’ म्हणतात. हा शब्द लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून निघालेला आहे. परंतु नागरी लिपींत तो रोकडीच्या ‘कॅश’सारखाच दिसतो, सबब वाचकांचा घोंटाळा होऊं नये म्हणून आम्ही त्यास ‘ठेवा’ म्हणूं. किंबहुना मराठी शब्द मूळ शब्दाहून सरसच आहे. ठेवा म्हणजे नुसती दडविलेली वस्तु नव्हे; कोणाच्या तरी भरंवशावर सोंपविलेली वस्तु.

आपली जन्मतिथि नक्की सांगतां येण्याचें भाग्य फार थोड्या खेळांस लाभलें आहे, तें ह्यास लाभलें. अमेरिकन लष्करानें आकाशांत सोडलेल्या उपग्रहांचे संदेश पकडून पृथ्वीवरील आपलें स्थान ठरविणारीं यंत्रें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सामान्य नागरिकांस मिळूं लागलीं होतीं. ह्या यंत्रास एका वेळीं निदान चार उपग्रह लागतात. तिघांच्या अंतरांवरून स्थान निघतें, आणि यंत्रांतील स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठीं चौथा हवा असतो. परंतु शत्रूच्या हातीं अचूक साधन पडूं नये म्हणून नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि यंत्र दाखवी त्या जागेपासून खरी जागा शंभर मीटरपर्यंत कोठेंहि असूं शके. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेवरून मे २००० च्या आरंभीं एका रात्रींत ही चूक काढून टाकण्यांत आली. शंभर मीटरांचे दहा-वीस झाले. लगेच ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळच्या रानांत डेव्ह उल्मर यानें एक काळी बादली अर्धवट पुरून ठेविली. तींत वही, पुस्तकें, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा असा अजब बाजार भरला, आणि जागेचे आंकडे जगास कळविले. कांहीं घ्यावें, कांहीं ठेवावें, आणि वहींत लिहावें, एवढाच त्याचा नियम होता. माइक टीग हा तेथें पहिला पोंचला. मे संपण्यापूर्वींच मॅट स्टम यानें ‘जिओकॅशिंग’ हें नांव सुचविलें, आणि पुढें सिअॅटल येथील एका कंपनीनें ठेव्यांची जागतिक नोंदवही चालविण्याचें काम अंगावर घेतलें. आज त्या नोंदवहींत तीस लाखांहून अधिक ठेवे आहेत. गमतीची गोष्ट अशी कीं, उल्मरची ती बादली आजच्या नियमांच्या परीक्षेंत उतरली नसती. ती जमिनींत पुरलेली होती आणि तींत खाद्यपदार्थ होता.

ह्या कल्पनेचा वंश मात्र उपग्रहांहून जुना आहे. इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. तेथील चॅगफर्ड गांवचा वाटाड्या जेम्स पेरट यानें १८५४ सालीं क्रॅनमिअर पूल नांवाच्या अत्यंत आडवळणाच्या जागीं एक बाटली ठेविली, आणि तेथवर चालत येणारानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावें असा प्रघात पाडला. त्यांतूनच पुढें पत्रपेट्यांचा छंद निघाला. त्यांतली एक जुनी चाल आम्हांस फार हृद्य वाटते. येणारा मनुष्य स्वतःचा पत्ता घातलेलें पत्र पेटींत ठेवून जाई. त्यानंतर जो कोणी तेथें पोंचे तो तें पत्र खालीं नेऊन टपालांत टाकी. पत्र घरीं किती दिवसांनीं येतें यावरून त्या माळावर दुसरें माणूस केव्हां फिरकलें तें समजे. आतां विचार करा कीं, त्या दुसऱ्या माणसास पाहणारें तेथें कोणीहि नव्हतें. तें पत्र त्यानें दलदलींत भिरकावलें असतें तरी त्याचें नांव कोणास कळलें नसतें. तरीहि पत्रें येत. ज्याचें तोंड पाहिलेलें नाहीं व पुढेंहि पाहावयाचें नाहीं अशा माणसाचें काम मुकाट्यानें करून टाकणें, ही ह्या खेळाची खरी पूर्वपीठिका आहे. उपग्रह हे केवळ निमित्त.

नियम पाहिले म्हणजेहि हेंच दिसतें. एका ठेव्यापासून दुसरा ठेवा निदान १६१ मीटर दूर असावा. म्हणजे एकाच्या शोधांत दुसरा हातीं लागूं नये. ठेवा ठेवण्यासाठीं जमीन खणूं नये, झाडास वा भिंतीस इजा करूं नये, जागा ज्याच्या मालकीची त्याची संमति घ्यावी. खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, कारण त्यांच्या वासानें जनावरें डबा फोडतात. डब्यांतून एखादी वस्तु उचलली तर तिच्या तोलाची किंवा तिच्याहून चांगली वस्तु तेथें ठेवावी. (ह्या नियमाची अंमलबजावणी कशी होते हें पाहावयाचें असेल तर कोणताहि जुना ठेवा उघडावा, फुटक्या मोटारी, एका पायाची बाहुली आणि गंजलेलीं नाणीं. आम्हां मनुष्यांस ‘तोलाची वस्तु’ म्हणजे काय हें स्वतःच्या खिशापाशीं आलें कीं समजेनासें होतें.) डबा सांपडला तेथेंच आणि सांपडला तसाच परत ठेवावा. ठेवा ठेवणारानें तो वेळोवेळीं जाऊन पाहावा, वही भिजली असल्यास बदलावी. नवा ठेवा जाहीर होण्यापूर्वीं अनुभवी स्वयंसेवक त्याची छाननी करतात. २००२ पासून आणखी एक चाल पडली आहे. ठेवा शोधावयास जातांना पिशवी न्यावी आणि वाटेंतील केरकचरा उचलून आणावा. ह्यांतला प्रत्येक नियम तेथें हजर नसलेल्या माणसाच्या सोयीसाठीं आहे आणि तो मोडला तर मोडणारास पकडणारें कोणी नाहीं.

ह्या सर्व इमारतीचा पाया ती चिमुकली वही आहे. कित्येक ठेवे इतके लहान असतात कीं, त्यांत वस्तु मावत नाहींत, पेन्सिलहि मावत नाहीं. परंतु कागदाची गुंडाळी असतेच. कारण त्या कागदावरील सही म्हणजे ‘मी येथें आलों होतों’ असें एका अपरिचितानें दुसऱ्या अपरिचितास दिलेलें वचन आहे. आमच्या वाचकांस हें नवीन वाटूं नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरीं ज्या वह्या आहेत त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे यात्रेकरू आपलें नांव, गांव व कुळी लिहून गेले आहेत. वहींत पणजोबांचें हस्ताक्षर सांपडलें म्हणजे वंशजाचा कंठ दाटून येतो, तो कां? गोदावरीचें स्नान पणजोबांनीं केलें हें तर तो ऐकून जाणतच होता. कंठ दाटतो तो एवढ्याचसाठीं कीं, त्या शाईच्या दोन ओळी खऱ्या आहेत. ते पाय येथपर्यंत आले आणि त्या हातानें हें लिहिलें. त्या वहींत न आलेल्या माणसांचीं नांवें दुसऱ्या कोणी भरून टाकलीं आहेत असें उद्यां कळलें तर त्या सबंध वहीची किंमत रद्दीची होईल, खऱ्या सह्यांचीहि.

आणि ठेव्यांच्या वह्यांत नेमकें हेंच चाललें आहे. ठेवा सांपडला कीं खेळणारा संगणकावरील नोंदवहींतहि तशी नोंद करतो, आणि त्याच्या नांवापुढें शोधांची संख्या एकानें वाढते. ही संख्या सर्वांस दिसते. ती दिसूं लागली त्या दिवशींच हा रोग जडला. शंभर झाले म्हणजे हजार हवे, हजार झाले म्हणजे दहा हजार. ह्या भुकेला अन्न पुरविण्यासाठीं मग रस्त्याच्या कडेनें, नियमानें मिळेल तेवढेंच अंतर सोडून, शेंकडों एकसारख्या डब्या ओळीनें ठेवण्याची पद्धत निघाली. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटांतून जाणाऱ्या एका महामार्गावर २०१० सालीं अशा सुमारें हजार डब्यांची रांग लागली. तेथें खेळ कसा होतो पाहा. मोटार थांबते, एक जण उतरतो, डबी उचलतो, आणि तिच्या जागीं मागच्या थांब्यावरून आणलेली डबी ठेवतो, उचललेल्या डबींतील कागदावर मोटार चालूं असतां शिक्का उमटवितात व ती पुढच्या थांब्यावर ठेवतात. म्हणजे कोणतीहि डबी आपल्या जागीं राहत नाहीं, आणि कोणत्याहि वहीचा त्या जागेशीं कांहीं संबंध उरत नाहीं. कित्येक वेळां चार मोटारींतील लोक रस्त्याचे चार तुकडे वांटून घेतात, सर्वत्र एकच सामाईक नांव लिहितात, आणि घरीं आल्यावर प्रत्येक जण सर्वच्या सर्व डब्या आपण शोधल्या म्हणून नोंदवितो. जेथें ते गेलेच नाहींत अशा तीनचतुर्थांश रस्त्याचें श्रेय ते निर्विकार मुद्रेनें घेतात.

याहूनहि हीन प्रकार दुसरा आहे. ठेवा तासभर शोधूनहि सांपडला नाहीं म्हणजे कांहीं मंडळी खिशांतील एक रिकामी डबी काढून तेथेंच टाकतात, तींतील कोऱ्या कागदावर सही करतात आणि ‘सांपडला’ अशी नोंद करतात. जें सांपडलें नाहीं तें स्वतःच आणून ठेवावयाचें आणि मग तें सांपडलें म्हणून सांगावयाचें! परीक्षेंत प्रश्न सुटला नाहीं तर दुसराच प्रश्न लिहून त्याचें उत्तर देणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यांत आहे, पण तो निदान त्यास पैकीच्या पैकी गुण मागत नाहीं.

ह्यावर मिळणारीं उत्तरें आम्हांस ठाऊक आहेत. पहिलें हें कीं, संख्या ज्याची त्याच्यापुरती आहे, दुसऱ्याचें तींत काय जातें? आपल्यापुरती असती तर ती घरच्या भिंतीवर लिहावी. चारचौघांत मिरविलेली संख्या आपल्यापुरती राहत नाहीं. आणि दुसऱ्याचें जातें तें असें. ‘सांपडला नाहीं’ ही नोंद कमीपणाची समजण्याची चाल पडली आहे; परंतु ठेव्याच्या मालकास सर्वांत उपयुक्त नोंद कोणती असेल तर तीच. लागोपाठ चार जणांनीं ‘सांपडला नाहीं’ लिहिलें कीं, डबा वाहून गेला असावा हें त्यास कळतें व तो जाऊन पाहतो. त्या चारांपैकीं एकानें खोटेंच ‘सांपडला’ लिहिलें तर तो निश्चिंत राहतो, आणि नसलेल्या डब्यासाठीं एखादें कुटुंब मुलांना घेऊन चाळीस मैल येतें व हात हालवीत परत जातें. त्या मुलांना आपणच कमी पडलों असें वाटतें. खोट्या नोंदीचा भुर्दंड नेहमीं असाच खऱ्या माणसावर पडतो.

दुसरें उत्तर असें कीं, नवी डबी टाकणें ही मालकाला केलेली मदत आहे. मदत म्हणे! खरा डबा बहुधा हातभर अंतरावर तसाच असतो. शोधणाराची नजर तेवढी पोंचलेली नसते. मग एका जागीं दोन डबे होतात, कांहींजण ह्यांत सही करतात, कांहींजण त्यांत, आणि मालकानें प्रयासानें योजिलेलें कोडें रस्त्यावर पडल्यासारखें होतें. शिवाय मालकानें असली मदत मान्य केलीच पाहिजे असें बंधन खुद्द नोंदवही चालविणाऱ्या कंपनीनेंहि त्याच्यावर घातलेलें नाहीं. मदत करावयाचीच तर ओली वही बदलण्यासाठीं कोरा कागद बरोबर न्यावा. तेवढ्यासाठीं संख्येंत एकाची भर पडत नाहीं, म्हणूनच बहुधा तो कोणी नेत नाहीं.

तिसरें उत्तर तें ब्रीदवाक्यच. खेळच तर आहे! ह्याला आमचें उत्तर असें कीं, खेळ आहे म्हणूनच. व्यापारांत खोटी सही केली तर कोर्ट आहे, दफ्तर आहे, तपासनीस आहे. तेथें मनुष्य खरें वागला तर तो सत्याचा पाईक कीं शिक्षेला भ्यालेला, हें सांगणें कठीण. येथें शिक्षा नाहीं, लाभहि नाहीं. कवडीचा लाभ नसतां जो खोटें लिहितो त्यानें लाभ समोर दिसल्यावर खरें लिहावें असा आग्रह कोणत्या तोंडानें धरावा? आमचा जन्म हजेरीपट हातीं घेऊन वर्गांत जाण्यांत गेला आहे. गैरहजर मित्राच्या नांवाला मागच्या बाकावरून आवाज बदलून ‘हजर’ म्हणणारे विद्यार्थी दरसाल नवे येतात, आणि तेहि हेंच म्हणतात, गंमत आहे, त्यांत एवढें काय! त्यांतले पुष्कळसे पुढें मोठ्या हुद्यांवर चढतात व त्यांच्या सहीनें पूल आणि इमारती पुऱ्या झाल्याचे दाखले निघतात. त्या दाखल्यांवर आमचा किती विश्वास आहे तें आम्ही येथें सांगत नाहीं.

आतां आमच्या महाराष्ट्रापुरता विचार. ह्या खेळाचे ठेवे येथें थोडे आहेत, पण आहेत. तेव्हां उत्साही तरुणांनीं तो वाढविण्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नकळत शोध घ्यावा, ही खेळांतली चाल येथें जशीच्या तशी चालणार नाहीं. खेळ न जाणणाऱ्या लोकांस हे खेळाडू ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतून उचललेला हा शब्द आम्हांस मुळींच आवडत नाहीं, कारण त्यांत आपण तेवढे जाणते अशी घमेंड आहे. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील वेदर्बी गांवीं २०११ सालीं एका उपाहारगृहाबाहेर अशी एक डबी होती. तिच्याशीं चाललेली चोरटी हालचाल पाहून पोलिसांस वर्दी गेली, लष्कराचें बाँबपथक आलें, आणि डबी उडवून देण्यांत आली. वेदर्बीच्या लोकांना हंसून सोडतां आलें असेल. मुंबईनें १९९३ आणि २००६ पाहिलेलें आहे. तिच्या रेल्वे स्थानकांवर बेवारस वस्तूस हात लावूं नका असें ध्वनिक्षेपक सांगत असतात, आणि तें गंमत म्हणून सांगत नाहींत. ज्याला ठेवा ठेवावयाचा त्यानें जागेच्या मालकास व जरूर तर पोलिसांस आधीं सांगावें, डब्यावर आंत काय आहे तें मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि गर्दीच्या जागा सोडूनच द्याव्या.

दुसरी गोष्ट गडांची. डबे लपविण्यास गडासारखी जागा नाहीं असें उत्साही मंडळीस वाटणें साहजिक आहे. तटाच्या दगडांत फटी पुष्कळ. परंतु २०२५ च्या जुलैंत ज्या बारा मराठा किल्ल्यांस जागतिक वारसास्थळांचा मान मिळाला त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत आहेत, आणि केंद्र सरकारनें संरक्षित ठरविलेल्या वास्तूंस १९५८ च्या कायद्याचें कवच आहे. खेळाचा स्वतःचा नियमहि परवानगीवांचून अशा जागीं डबा ठेवूं देत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतसुद्धां परवानगीवांचून त्यास मनाईच आहे. ज्या समाजांत तटाच्या दगडावर खिळ्यानें नांव कोरणारे अजून संपलेले नाहींत, तेथें १६१ मीटरांवर एकेक डबी शोधीत, संख्येच्या मागें लागलेले लोक तटाच्या फटींतून बोटें घालीत फिरूं लागले म्हणजे कोणत्या दगडाची काय गत होईल, हें राजगडावर एकदां जाऊन आलेल्यासहि समजेल.

गडांवांचून ज्यांचें अडतें त्यांना दुसरा मार्ग मोकळा आहे. २००४ पासून अमेरिकेंतील भूगर्भशास्त्रसंस्थेच्या सहकार्यानें डब्यावांचूनचा एक ठेवा ह्याच खेळांत निघाला आहे. तेथें लपविलेलें कांहींच नसतें; त्या जागीं जाऊन खडकांकडे, प्रवाहांकडे, थरांकडे नीट पाहावयाचें, आणि योजकानें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यास कळवावयाचीं. निघोजला कुकडीच्या पात्रांत बेसॉल्टमध्यें पाण्यानें कोरलेले रांजण आहेत, लोणारचें विवर आहे, हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा आहे. ह्या जागा जणूं ह्याच प्रकारासाठीं सिद्ध आहेत. रांजणाची खोली काठीनें मोजून आणणारा मुलगा घरीं बसून नकाशा चाळणाऱ्या दहांपेक्षां अधिक शिकेल. मात्र येथेंहि उत्तरें मित्राकडून उतरून घेतां येतात, आणि उतरून घेतली जातात.

सबब उपाय शेवटीं ठेव्याच्या मालकाच्याच हातीं आहे. खोट्या नोंदी काढून टाकण्याचा अधिकार त्यास नियमानेंच दिलेला आहे. किंबहुना तें त्याचें कर्तव्य म्हणून सांगितलेलें आहे. पण कटुता नको, कोणाचा हिरमोड नको, म्हणून बहुतेक मालक तिकडे डोळेझांक करतात. त्यांनीं वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, डब्यापाशीं जावें, वही घरीं आणावी, सुकवावी, आणि संगणकावरील नोंदींशीं तिच्यांतील एकेक नांव ताडून पाहावें. कागद फाटला असेल, शाई धुऊन गेली असेल, तेथें संशयाचा फायदा खेळणारास द्यावा. परंतु कागद सुस्थितींत आहे, आगचेंमागचें नांव आहे आणि मधलें तेवढें नाहीं, तर तें नोंदीतून निःसंकोचपणें काढावें. चारआठ दिवसांत त्या गृहस्थाचें संतापाचें पत्र येईल, आणि त्यांत ‘खेळच तर आहे’ हें वाक्य बहुधा पहिल्याच ओळींत असेल. पत्र फायलीला लावावें. नोंद परत घालूं नये.